मावशीच्या चकल्या आणि २०२६चं कॅलेंडर

तुमच्याही ओळखीत अशी एखादी काकू किंवा मावशी नक्की असेल. दिवाळी जवळ आली की तिचा फोन थांबत नाही आणि भाऊबीज झाली की पुढचे कित्येक महिने तिची कुणाला आठवण होत नाही. तिच्या हाताला चव असते, गिऱ्हाईक असतं, कौतुक तर पोतंभर असतं. पैसा मात्र वर्षातून एकदाच येतो, तोही दोन महिन्यांत संपतो.

माझी मावशी त्यातलीच. वडोद्यात दांडिया बाजारच्या मागे तिचं घर आहे आणि गेली अठरा वर्षं ती घरूनच फराळ, भाजणी, मेतकूट, मसाले करून विकते. मी त्याच गावात, अलकापुरीतल्या एका छोट्या एजन्सीत कंटेंट लिहिते. म्हणजे सिमेंट विकणाऱ्यांसाठी वसुबारसेच्या शुभेच्छा आणि नळ विकणाऱ्यांसाठी महिला दिनाच्या. बीए इंग्रजी केल्यावर हे काम करावं लागेल असं कुणी सांगितलं नव्हतं, पण पगार वेळेवर होतो.

या दिवाळीनंतर मावशीने मला बोलावून घेतलं. काकांची नोकरी गेल्या वर्षी सुटली आहे. मावसबहीण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिची फी जानेवारीत आणि जुलैत भरायची असते. त्यात दिवाळीच्या धबडग्यात मावशीचा उजवा खांदा असा धरला की वेणी घालतानाही हात वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, सोऱ्या तूर्त बंद. मावशी म्हणाली, "हे बघ, एकतर हे सगळं बंदच करते, नाहीतर नीट करते. मधलं आता जमायचं नाही. तू ते मार्केटिंगचं लिहितेस ना, मग पुढच्या वर्षाचं काहीतरी बसवून दे."

तुम्हीही घरून काही करत असाल, केक, लोणची, ब्लाउज, शिकवण्या, तर 'वर्षाचं मार्केटिंग' म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येतं? नवा लोगो, रोज एक रील, सणाचं ग्राफिक, पाचशे रुपयांची जाहिरात. हे सगळं करून देणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, मीही त्यातलीच एक. पण आम्ही यातल्या कशालाच आधी हात लावला नाही. आम्ही मावशीच्या वह्या काढल्या.

लाल पुठ्ठ्याच्या, तेलाचे डाग पडलेल्या तीन वर्षांच्या तीन वह्या. पानावर नाव, किलो, पैसे आले की बरोबरची खूण. दोन संध्याकाळ बसून मी ती सगळी नावं मोबाइलवरच्या एका तक्त्यात भरली. एकूण ११२ घरं निघाली. त्यातली ७१ फक्त दिवाळीला येणारी. २७ घरं सणावारी, कधी गुळपोळी, कधी पुरणपोळी, कधी मोदक. आणि उरलेली १४ घरं अशी की ती दर महिन्याला काही ना काही नेत होती. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. कुणाकडे लहान मूल होतं, कुणाकडे दात नसलेले आजोबा, एकीचा मुलगा कॅनडात आणि तिच्या प्रत्येक पार्सलमध्ये भाजणीचं पाकीट.

मावशीला ही १४ घरं माहीत होती, पण ती त्यांना गिऱ्हाईक धरतच नव्हती. "ते काय गं, जाता येता नेतात." तिच्या लेखी धंदा म्हणजे चकली. आणि चकली म्हणजे सोऱ्या, म्हणजे खांदा.

मग चकलीचा हिशेब मांडला. भाजणीचं धान्य, दळण, तेल, गॅस, पिशवी, डबा, पोचवायला रिक्षा, मदतीच्या बाईची मजुरी. सगळं जाऊन किलोमागे ९० रुपये उरत होते आणि त्यात मावशीची स्वतःची मजुरी धरलेलीच नव्हती. हा आकडा तुमच्याकडे नसेल तर बाकीचं सगळं थांबवा आणि आधी तो काढा. कारण जाहिरात परवडते की नाही हे त्याच आकड्यावर ठरतं. समजा दिवाळीत इन्स्टाग्रामवर ३,००० रुपयांची जाहिरात केली. ते पैसे नुसते परत मिळवायला ३४ किलो चकली जास्तीची विकावी लागेल. मावशीच्या घरात दिवसाला सहा किलोच्या वर चकली होत नाही. म्हणजे जवळपास सहा दिवसांचं काम जाहिरातीचे पैसे फेडायला. आणि मुळात दिवाळीत ती येणाऱ्या ऑर्डरीच पुऱ्या करू शकत नव्हती! जिथे आधीच रांग लागली आहे तिथे ओरडून आणखी माणसं कशाला बोलवायची?

भाव वाढवायचा की नाही यावर आमचं बरंच वाजलं. मावशीचं म्हणणं, अठरा वर्षांची माणसं आहेत, काय म्हणतील. काका आतून म्हणाले, "डॉक्टरची फी ती माणसं देणारेत का?" शेवटी किलोमागे ६० रुपये वाढले.

चिवड्याचा निकाल मात्र पाच मिनिटांत लागला. वडोदरा हे लीलो चिवडो आणि भाकरवडीचं गाव. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर फरसाणाची दुकानं, आणि त्यांची कढई सकाळपासून चढलेली. तिथे घरगुती चिवडा घेऊन उभं राहण्यात काय अर्थ आहे? चिवडा मावशीच्या यादीतून गेला. जे वडोद्यात सहज मिळत नाही ते ठेवायचं, असं ठरलं. मेतकूट मिळत नाही, भाजणी मिळत नाही, गोडा मसाला मिळाला तरी चव लागत नाही. गंमत म्हणजे ही सगळी कामं भाजून गिरणीत देण्याची आहेत. सोऱ्या लागत नाही.

आता कॅलेंडर. माझ्या कामात 'कंटेंट कॅलेंडर' नावाचा एक प्रकार असतो. बहुतेक ठिकाणी तो मागच्या वर्षीचाच उचलून तारखा बदलून वापरतात. फराळवाल्यांनी २०२६ साली असं केलं तर फजिती होईल. तुम्ही पंचांग पाहत असाल तर कळलं असेलच, येत्या वर्षी अधिक महिना आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असतं, तो फरक साठत जातो आणि सुमारे पावणेतीन वर्षांनी एक जादा महिना घालून भरून काढतात. २०२६ मध्ये तो अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे त्यापुढचे सगळे सण लांबतात. २०२५ साली गणपती २७ ऑगस्टला बसले, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला बसतील. लक्ष्मीपूजन यंदा २० की २१ ऑक्टोबर यावर घरोघरी वाद झाले. आपल्याकडच्या पंचांगातली २१ धरली, तर पुढच्या वर्षीचं ८ नोव्हेंबरचं लक्ष्मीपूजन १८ दिवसांनी उशिरा. गणपतीही १८च दिवसांनी. किराणा कधी भरायचा, मदतीची बाई कधी सांगून ठेवायची, गिऱ्हाइकांना कधी विचारायचं, सगळं १८ दिवसांनी सरकतं.

पण मावशीचे डोळे चमकले ते वेगळ्याच कारणाने. अधिक महिना म्हणजे जावयाचं वाण, आणि वाण म्हणजे ३३ अनारसे!

अनारसे ही काही उठलं आणि केलं अशी गोष्ट नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवायचे, दळायचे, गुळात कालवून पीठ मुरायला ठेवायचं. एवढं करून तुपात सोडल्यावर अनारसा हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर सगळी मेहनत वाया. आजच्या नोकरी करणाऱ्या सासूला हे कुठून जमणार? पण वाण तर द्यायचं असतं. मावशीचे अनारसे आजवर हसलेले मी पाहिले नाहीत. शिवाय पीठ मुरवलेलं असलं की ते टिकतं, म्हणजे एप्रिलमध्येच तयारी होते. थापायला बोटं लागतात, खांदा नाही. मे-जून हे तिचे वर्षातले सगळ्यात कोरडे महिने, नेमके जुलैच्या फीच्या आधीचे. तिथेच २०२६ने तिला एक अख्खा हंगाम आणून दिला आहे. पुढचा अधिक महिना थेट २०२९ मध्ये.

म्हणून आम्ही वर्षातला सगळ्यात मोठा जोर दिवाळीवर न लावता तिथे लावला. गुढीपाडवा १९ मार्चला आहे. त्या दिवशी सगळ्या ११२ घरांना पहिला निरोप जाईल, की यंदा अधिक मास आहे, ३३ अनाऱ्यांचा डबा मिळेल, आगाऊ सांगा. ज्यांच्या घरी दोन-तीन वर्षांत लग्न झालं ती घरं मावशीला तोंडपाठ आहेत, त्यांना ती स्वतः फोन करणार. कुणाच्या मुलीचं लग्न कधी झालं हे कुठल्याही सॉफ्टवेअरला माहीत नसतं. मावशीला जेवणाचा मेनूसुद्धा आठवतो.

बाकीचं वर्ष मग भराभर बसलं. जानेवारीत तिळाच्या वड्या आणि गुळपोळ्या. इथे उत्तरायणाचे दोन दिवस सगळं गाव गच्चीवर असतं, तेव्हा कुणी निरोप वाचत नाही, म्हणून तो आधीच्या आठवड्यात पाठवायचा. मराठी बायकांची हळदीकुंकवं मात्र २५ जानेवारीच्या रथसप्तमीपर्यंत चालतात, त्यांच्यासाठी लहान पुड्या. श्रावण-भाद्रपदात पुरणपोळी आणि मोदक. उकडीचे मोदक साठवता येत नाहीत, त्यामुळे चतुर्थीच्या सकाळी जेवढे होतील तेवढेच, आणि ते घरी येऊन न्यायचे.

एक गाठ मात्र सुटता सुटेना. परदेशात जाणारी फराळाची पार्सलं. ती वेळेवर पोचायची तर दिवाळीच्या तीन आठवडे आधी निघायला हवीत. म्हणजे फराळ ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवा. पण सप्टेंबरच्या अखेरीपासून १० ऑक्टोबरपर्यंत पितृपक्ष आहे आणि त्या दिवसांत दिवाळीची कढई चढवायची नाही हा मावशीचा नियम. तुम्हाला पटो न पटो, अशा गोष्टी योजनेत धराव्याच लागतात. माणूस मशीन असल्यासारखी योजना केली की ती भिंतीवरच राहते. ११ ऑक्टोबरला घट बसतात, मावशीचे नऊ दिवस उपास. उपास करून तळणाजवळ उभं राहणार, आणि दसरा २० तारखेला. त्या नऊ दिवसांत किती पार्सलं होतील? मावशी म्हणाली पंचवीस. मी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले पंधरा. पंधरा लिहिली.

दिवाळीची चकली साठ किलो, बास. दोन शेजारणी सोऱ्या फिरवायला येणार, त्यांची मजुरी भावात धरली आहे. आणि ऑर्डर घ्यायची शेवटची तारीख २५ ऑक्टोबर, म्हणजे कोजागिरी. "पंचवीसनंतर नाही" हे कुणी लक्षात ठेवत नाही, "कोजागिरीनंतर नाही" हे राहतं.

इथे मावशी अडली. "वर्षानुवर्षं येणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणू?" मला वाटतं, घरून धंदा करणाऱ्या बायकांचं निम्मं दुखणं या एका वाक्यात आहे. नाही म्हणता येत नाही म्हणून रात्री दोन वाजता तळण चालतं. मग मी तिला म्हटलं, तू मला जसं सांगशील तसंच बोल, मी लिहून घेते. तिने सांगितलं ते असं:

"नमस्कार. माझा खांदा दुखतो, म्हणून यंदा साठच किलो चकली करणार आहे. जुन्या माणसांना आधी विचारते. कोजागिरीपर्यंत सांगा. त्यानंतर मागितलीत तर मला नाही म्हणावं लागेल, आणि ते मला जमत नाही."

माझ्या ऑफिसात यावर तीन जणांनी तीन उद्गारचिन्हं आणि एक 'त्वरा करा' घातलं असतं. मी एक अक्षर बदललं नाही. त्याच्याखाली गुजराती शेजाऱ्यांसाठी तोच निरोप गुजरातीत केला. मेतकुटाच्या निरोपात मात्र थोडी भर घातली, कारण मेतकूट म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागतं. मऊ गरम भात, वर तूप, वर हे. एवढं पुरतं.

निरोप वर्षभरात मोजून चौदा जाणार आहेत. रोज सुप्रभात नाही, सणाचं ग्राफिक नाही. दिवाळीच्या दिवशी तुमच्या फोनवर किती पणत्या येतात ते आठवा, आणि त्यातली एक तरी कुणाची होती ते आठवतं का बघा. निरोप आला की त्यात काहीतरी घेण्यासारखं आहे, एवढी सवय लोकांना लागायला हवी.

यात एक तांत्रिक गोष्ट आहे आणि ती पुष्कळ जणींना माहीत नसते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ नावं बसतात, पण निरोप त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे. मावशीने गेल्या वर्षी पाठवलेले निरोप निम्म्या घरांना मिळालेच नव्हते आणि ती समजत होती, लोकांना नकोय. म्हणून डिसेंबरभर आमचं एकच काम चाललं आहे. प्रत्येकाला फोन करून, "नंबर सेव्ह आहे का, नसेल तर आत्ता करा," म्हणून सांगायचं. मावशीच्या त्या फोनांतून कामापेक्षा गप्पाच जास्त होतात, पण तीन जणींनी फोनवरच भाजणी सांगितली.

बाकी खर्च किरकोळ. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, त्यात पदार्थांचे फोटो आणि भाव लावून ठेवता येतात, म्हणजे "कितीला दिलं?" याचं उत्तर दिवसातून वीसदा टाइप करावं लागत नाही. गुगलवर धंद्याची नोंद करताना घराचा पत्ता लपवून नुसता भाग दाखवता येतो, घरात एकट्या असणाऱ्या बायकांना हे माहीत असलेलं बरं. फोटो सकाळी दहाच्या सुमारास खिडकीशी काढायचे, ट्यूबलाइटखाली चकली आजारी दिसते. आणि पाकिटावर नीट लेबल. खाण्याचे पदार्थ घरून विकले तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. मावशीची आहे, पण तो १४ अंकी क्रमांक आजवर कपाटातल्या फाइलमध्ये होता. आता तो पाकिटावर येईल, शेजारी घटक आणि बनवल्याची तारीख. अनोळखी माणूस घरगुती पाकीट हातात घेतो तेव्हा आधी तारीख शोधतो. लेबलांच्या छपाईवर आमचा सगळ्यात मोठा खर्च झाला आहे, जाहिरातीवर अजून शून्य.

आणि ती १४ घरं? त्यांच्यासाठी 'महिन्याची पिशवी' काढली आहे. अर्धा किलो भाजणी, पाव किलो मेतकूट, शंभर ग्रॅम गोडा मसाला, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घरपोच. पोचवायला काका स्कूटरवर जाणार, त्यांनी स्वतःहून सांगितलं. नोकरी गेल्यापासून रविवार आणि सोमवार त्यांना सारखेच झाले होते, आता निदान एक रविवार कामाचा आहे. पिशवीमागे दीडशे रुपये उरतात, मावशीची मजुरी वेगळी धरून. चाळीस घरं झाली तर महिन्याला सहा हजार, दिवाळी असो नसो. फी त्यातून पुरी होत नाही, पण जुलैत सोनं गहाण ठेवायला लागणार नाही, असा मावशीचा हिशेब आहे. यंदा जुलैत ठेवलं होतं. हे तिने मला याच बैठकीत सांगितलं, मेतकुटाचं वजन करता करता, मान वर न करता.

तुम्ही स्वतःच्या कामासाठी असं काही बसवायला घेतलंत तर एक सुचवते. वर्षातले तुमचे सुट्टीचे दिवस आधी लिहा, मग सण. मावशीने उलट केलं आणि शेवटी सुट्टीला जागाच उरेना. मग खोडून खोडून १६ जून ते ५ जुलै मोकळे केले. अधिक महिना संपलेला, पावसाची सुरुवात, वाळवणं बंद. त्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलं आहे, 'खांद्याचे व्यायाम, सांगली.' सांगली म्हणजे तिचं माहेर. सहा वर्षांत ती तिथे दोन दिवसांच्या वर राहिलेली नाही. फक्त जुलैची पिशवी पाच तारखेच्या रविवारी येते, त्यामुळे ती आधीच भरून काकांच्या ताब्यात देऊन जायचं ठरलं आहे. काकांना भाजणी आणि मेतकुटातला फरक वासावरून ओळखता येईल का, याची मावशीला शंका आहे.

पहिली पिशवी ४ जानेवारीला निघते. आज सकाळपर्यंत २३ घरांनी हो म्हटलंय. त्यातली पाच गुजराती आहेत, आणि एकीने विचारलंय की हे मेतकूट खाखऱ्यावर लावून चालेल का. मावशी म्हणाली, आधी मी खाऊन बघते, मग सांगते.